आचारसाम्य आणि धर्मसाम्य : यूटातील मॉर्मन समाजाच्या निमित्ताने

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाचा आरंभ दैवी संपत्तीच्या वर्णनाने होतो. निर्भयता, अंतःकरणाची शुद्धी, दान, इंद्रियनिग्रह, सत्य, क्रोधाचा अभाव, प्राणिमात्रांविषयी दया अशा एकूण सव्वीस गुणांची गणना तेथे केलेली आहे. या गणनेतील एक विशेष अभ्यासकाच्या सहसा ध्यानात येत नाही. तीत कोणत्याही पंथाचे, देवतेच्या नावाचे अथवा उपासनापद्धतीचे चिन्ह नाही. मग हे गुण जेथे जेथे आढळतील तेथे तेथे दैवी संपत्तीच नांदते, असे म्हणावयाचे काय? आणि तसे म्हटले, तर दोन भिन्न श्रद्धांच्या माणसांची नीती एकच ठरते काय? प्रश्न पुस्तकी वाटतो खरा. परंतु अन्यधर्मीय बहुसंख्यांच्या वस्तीत ज्यांना संसार थाटावा लागतो, त्यांच्या दारी तो नित्य येऊन उभा राहतो. अमेरिकेतील यूटा हे राज्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

या राज्याची घडण ज्या पंथाने केली, त्याला लोक मॉर्मन म्हणून ओळखतात. उत्तरकालीन संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च हे त्याचे अधिकृत नाव असून, तेच पूर्ण नाव वापरावे असा आग्रह पंथाच्या प्रमुखांनी २०१८ साली पुन्हा एकदा धरला. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ या तरुणाने हा पंथ स्थापन केला. लवकरच अनुयायांचा छळ सुरू झाला. १८३८ साली मिसूरीच्या गव्हर्नराने त्यांना राज्याबाहेर घालवावे अथवा त्यांचा नायनाट करावा असा हुकूमच काढला. तो विधिपूर्वक मागे घेतला गेला १९७६ साली. १८४४ मध्ये इलिनॉयमधील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने स्मिथचा वध केला. त्यानंतर ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली हे लोक पश्चिमेकडील ओसाड प्रदेश तुडवीत निघाले आणि २४ जुलै १८४७ रोजी ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात तो पोहोचला. तो दिवस आजही यूटात सार्वजनिक सुटीचा आहे. तेथील भव्य मंदिर बांधून पुरे व्हावयास १८५३ पासून १८९३ पर्यंत चाळीस वर्षे लागली. स्वतः अल्पसंख्य म्हणून हाकलले गेलेले लोक पुढे एका राज्यात बहुसंख्य झाले, ही गोष्ट ध्यानात ठेविल्यावाचून त्यांचा स्वभाव उमजत नाही.

त्यांचा आचार पाहिला की हिंदू मनुष्य प्रथमदर्शनीच संतोष पावतो. मद्य वर्ज्य, तंबाखू वर्ज्य. हा आरोग्यनियम १८३३ पासूनचा आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्यास द्यावयाचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडावयाचे आणि वाचलेल्या अन्नाचे मोल गरिबांसाठी अर्पण करावयाचे. सोमवारची संध्याकाळ घरच्या मंडळींसाठी राखून ठेवावयाची. विवाहाबाहेर ब्रह्मचर्य. स्थानिक मंडळीचा प्रमुख, ज्याला ते बिशप म्हणतात, तो एक पैशाचाही मोबदला न घेता आपली नोकरी अथवा धंदा सांभाळून सेवा करतो. उपवासातून बचत आणि बचतीतून अन्नदान ही साखळी तर विशेष मननीय आहे. आपल्याकडील एकादशीस साबुदाणा, रताळी आणि शेंगदाणे यांचा जो थाट उडतो, तो आठवून एखाद्या प्रामाणिक उपासकाला किंचित ओशाळल्यासारखे झाले तर नवल नाही.

म्हणूनच यूटात राहणारी कितीतरी हिंदू, मुसलमान व इतर कुटुंबे म्हणतात की येथे मुले वाढविणे सुखाचे आहे, शेजाऱ्यांची आणि आमची मूल्ये सारखीच आहेत. मॉर्मन शेजारीही तेच म्हणतो. हे उद्गार मनापासूनचे असतात. त्यांचा अवमान न करता, गीतेच्या अभ्यासकाने ते किंचित खोल जाऊन तपासावयास हवेत.

प्रथम आहाराचेच पाहू. एखादे मराठी घर तेथे नव्याने राहावयास आले आहे अशी कल्पना करावी. शेजारीण पहिल्याच दिवशी ताट घेऊन स्वागतास येते. मराठी गृहिणी आपल्या रीतीप्रमाणे चहाचे आधण ठेवते. शेजारीण हसून नकार देते, कारण १८३३ च्या त्याच नियमात ज्या उष्ण पेयांचा निषेध आहे, त्यांचा अर्थ तो समाज चहा आणि कॉफी असा करतो. इकडे गृहिणी ताटावरचे झाकण काढते, तो आत मांसाचा पदार्थ. तिच्या घरी मांस शिवत नाहीत. दोघींनीही संयम पाळला, दोघींच्याही मनात सद्भाव होता, आणि दोघींनी एकमेकींपुढे नेमके निषिद्ध तेच ठेविले! मॉर्मन नियमात मांस जपून खावे असा उपदेश आहे, परंतु त्याचा निषेध नाही, आणि त्यात गोमांसही आले. ज्या संयमाला आपण दोघांचा म्हणून गौरवीत होतो, त्याच्या मुळाशी दोन निराळे विचार आहेत. एकीचा संयम प्रामुख्याने ईश्वराने दिलेल्या आज्ञेचे पालन आहे, दुसरीचा मुख्यतः अहिंसा व चित्तशुद्धी यांच्या विचारातून आलेला आहे. गीतेचा सतरावा अध्याय आहाराची विभागणी पदार्थांची नावे घेऊन करीत नाही. तो अन्नाच्या गुणांवरून आणि खाणाऱ्याच्या रुचीवरून करतो. तेव्हा चहा पिणारा राजस आणि न पिणारा सात्त्विक असला हिशेब उभय पक्षी टाकूनच द्यावा. (महाराष्ट्रातील किती साधकांना हे वाक्य वाचून हायसे वाटेल, हे सांगावयास नको.)

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. मॉर्मन समाजाचा प्रत्येक लहान विभाग भौगोलिक असतो. अमुक गल्लीपासून अमुक रस्त्यापर्यंतचे सर्व सभासद एकाच मंडळीत जातात. परिणामी शेजार आणि धर्मसंघ या दोन वर्तुळांचा परीघ बहुतेक एकच होऊन बसतो. मुलांचे खेळ, सहली, तरुणांचे मेळावे, आजाऱ्याची विचारपूस, सारे त्या एका परिघात चालते. शाळेतही तसेच. १९१२ साली सॉल्ट लेक येथील ग्रॅनाइट हायस्कूलपासून अशी प्रथा पडली की विद्यार्थ्यांनी पालकांच्या संमतीने दिवसातील एक तास सुटी घेऊन शाळेशेजारच्या चर्चच्या इमारतीत धर्मशिक्षणास जावे. ती प्रथा यूटात आजही चालू आहे. वर्गातील बहुतेक सवंगडी उठून गेल्यावर जी दोनचार मुले मागे राहतात, त्यांना कोणीही दुखविलेले नसते. तरीही आपण निराळे आहोत हे त्यांना कळून चुकते. येथे दोष कोणाचा म्हणावा? हेतू शुद्ध असूनही कर्माचे फळ दुसऱ्याच्या वाट्यास कडू येऊ शकते. तथापि हे फळ केवळ यूटातच पिकते असे मानण्याचे कारण नाही. ज्या गावात सप्ताह, पालखी आणि यात्रा यांवाचून दुसरे सार्वजनिक जीवन नाही, तेथील एकुलत्या एका अन्यधर्मीय घराचा अनुभव याहून फार वेगळा नसावा.

राज्याचे कायदेही बहुसंख्यांच्या नीतीची छाया घेऊन उभे आहेत. मद्यविक्रीवर सरकारचे कडक नियंत्रण आहे. वाहनचालकाच्या रक्तातील मद्याचे कमाल प्रमाण ०.०८ टक्क्यांवरून ०.०५ टक्क्यांवर आणणारे यूटा हे देशातील पहिले राज्य होय, आणि हा कायदा २०१८ च्या अखेरीस अमलात आला. मद्य न घेणाऱ्या हिंदूस हे सारे सोयीचे वाटते, आणि सोयीच्या गोष्टीला धर्म म्हणण्याचा मोह कोणाला होत नाही? परंतु इतिहासात एक विलक्षण प्रसंग नोंदलेला आहे. अमेरिकेतील मद्यबंदी उठविणाऱ्या घटनादुरुस्तीस छत्तीस राज्यांची संमती हवी होती. ५ डिसेंबर १९३३ रोजी ती छत्तिसावी, निर्णायक संमती दिली ती यूटाने, आणि तीही पंथाचे तत्कालीन अध्यक्ष हिबर ग्रँट यांचा स्पष्ट विरोध असताना! स्वतः मद्याला न शिवणाऱ्या समाजातूनही असा कौल निघाला. बाहेरचे बंधन आणि आतला निग्रह या दोन निराळ्या वस्तू आहेत; कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने मिथ्याचारी म्हटले आहे. कायदा अपघात टाळू शकतो, आणि ते काम थोर आहे. तप मात्र तो निर्माण करू शकत नाही.

आचाराच्या या सारखेपणात न मावणारी बाजू श्रद्धेची आहे. मॉर्मन मतात कुटुंब हे मृत्यूनंतरही टिकणारे आहे, आणि त्यासाठी विवाहसंस्कार मंदिरात व्हावा लागतो. त्या मंदिरात केवळ पात्र ठरलेल्या सभासदांनाच प्रवेश असतो. पंथाबाहेरचे आईबाप आपल्याच लेकराच्या या संस्कारास उपस्थित राहू शकत नाहीत, त्यांना बाहेर थांबावे लागते. जे आधी दिवाणी विवाह करीत, त्यांना अमेरिकेत मंदिरातील संस्कारासाठी एक वर्ष थांबावे लागे. ही अट २०१९ साली काढण्यात आल्याने नातलगांसमोर विवाह करून लगेच मंदिरात जाणे शक्य झाले, आणि पुष्कळांचे दुःख हलके झाले. याविषयी रोष धरण्यापूर्वी पुरीच्या जगन्नाथमंदिरात अहिंदूंना प्रवेश नाही, हेही आठवावे. दुसरा प्रकार मृतांच्या वतीने घेतल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्याचा. पंथीयांच्या दृष्टीने ही परलोकवासी जीवाला दिलेली संधी असते, आणि ती स्वीकारणे न स्वीकारणे त्या जीवाच्या इच्छेवर असते. तरीही नाझी अत्याचारांत बळी गेलेल्यांच्या नावे असे विधी झाल्याने ज्यू समाज व्यथित झाला आणि १९९५ साली पंथाने ते थांबविण्याचे मान्य केले. महात्मा गांधींच्या नावेही असा विधी झाल्याचे वृत्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक हिंदूंनी खेद व्यक्त केला. एकाच्या दृष्टीने करुणा, दुसऱ्याच्या दृष्टीने आक्रमण. मद्यत्यागाच्या साम्याने हे अंतर मिटत नाही, आणि ते मिटले असे भासविणे हा सत्याशी प्रामाणिकपणा नव्हे.

पंथाच्या इतिहासातील काही पाने त्यांनाही अवघड वाटतात. १८५२ मध्ये उघड मान्य केलेले बहुपत्नीत्व १८९० च्या जाहीरनाम्याने सोडण्यात आले. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार मिळावयास १९७८ साल उजाडावे लागले. अस्पृश्यतेचे पातक ज्याच्या परंपरेने शतकानुशतके वाहिले, त्या समाजातील अभ्यासकाने यावर फार मोठ्याने बोलू नये.

मग शेजारधर्म कोणत्या पायावर उभारावयाचा? स्पॅनिश फोर्क या गावाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे चारु दास आणि वैभवी या कृष्णभक्त अमेरिकन दांपत्याने श्रीराधाकृष्णाचे मंदिर उभारले. त्याची रचना व्रजभूमीतील कुसुमसरोवराकाठच्या वास्तूवरून घेतलेली असून ते २००१ साली खुले झाले. आसपासची वस्ती बहुतांशी मॉर्मन. त्यांच्या चर्चच्या प्रतिष्ठानाने या कृष्णमंदिरासाठी २५,००० डॉलरची देणगी दिली, आणि कितीतरी मॉर्मन स्वयंसेवक बांधकामास हातभार लावावयास आले. आता तेथील होळीच्या रंगोत्सवास जवळच्या प्रोव्हो येथील ब्रिगम यंग विद्यापीठाचे विद्यार्थी सहस्रावधी संख्येने लोटतात आणि मद्याच्या थेंबावाचून नाचतात. देणगी देणाऱ्यांनी कृष्णाला देव मानले नव्हते, आणि मंदिर बांधणाऱ्यांनी जोसेफ स्मिथला पैगंबर मानले नव्हते. एकाने दुसऱ्याच्या उपासनेस जागा करून दिली, एवढेच घडले. आपल्या अंतःकरणाप्रमाणे उपासना करण्याचा हक्क आपणांस हवा आणि तो इतरांसही असावा, असे मॉर्मनांच्या श्रद्धावचनांतच आहे. भक्त ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, तेथेच त्याची श्रद्धा भगवंत दृढ करतात, असा गीतेच्या सातव्या अध्यायाचा आशय आहे. दोहोंची मांडणी भिन्न आहे, पण दोहोंतून शेजाऱ्याला त्याच्या देवासह राहू देण्याचे धैर्य निष्पन्न होते.

येथे एक सावधगिरी हवी. स्वधर्माविषयीचे गीतावचन अशा चर्चेत नेहमी पुढे केले जाते, जणू ते धर्मांतराविरुद्ध सांगितले आहे. अर्जुनापुढे त्या क्षणी दुसरा पंथ नव्हता; त्याच्यापुढे आपले कर्तव्य टाकून भिक्षावृत्तीने जगण्याचा मोह होता. ज्याला परप्रांती ते वचन वापरावयाचे असेल, त्याने प्रथम आपले कर्तव्य कोणते ते ओळखावे. आपण मद्य का घेत नाही, उपवास का करतो, हे ज्या घरात मुलांना कधी सांगितलेच गेले नाही, त्या घराला शेजाऱ्याची सुस्पष्ट शिकवण आपलीच वाटू लागली तर त्यात शेजाऱ्याचा अपराध नाही.

मॉर्मन तरुण दोन वर्षे घर सोडून, स्वतःच्या वा कुटुंबाच्या खर्चाने, धर्मप्रचारास जातात. असाच एक प्रचारक, ह्यू फिंडले, १८५२ साली मुंबईस उतरला होता आणि पुण्यातही त्याने प्रचार केला. फारसे कोणी ऐकले नाही. आज यूटातील मराठी घराच्या दारावर अठरा-एकोणीस वर्षांची अशी दोन मुले पांढरे सदरे घालून उभी राहतात. यजमानाने त्यांना आत घ्यावे. गृहिणीने गवती चहाचा काढा करावा. नावात चहा असला तरी त्यात चहाचे पान नाही, हे ऐकून ती मुले निःशंकपणे तो घेतील. मग ती विचारतील की आपल्या घरी मद्य का चालत नाही. त्या वेळी घरातील मूलही जवळच बसलेले असेल, आणि उत्तराकडे त्याचेही लक्ष असेल.