राहते घर

प्रस्तावना

घर बांधणे आणि घर राहते करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर बांधताना गवंड्याचे आणि सुताराचे कौशल्य लागते. ते राहते करताना घरातल्या माणसांनी एकमेकांकडे नीट पाहावे लागते. 'गृहसजावट' हा शब्द ऐकला की महागडी बैठक, झुंबरे आणि भारी पडदे डोळ्यांसमोर येतात. आपली जागा लहान, पैसा बेताचा. तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे अनेकांना वाटते. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्ही
- लहान जागेतील गैरसोयींची कारणे ओळखू शकाल;
- प्रकाश, हवा, उंची आणि मांडणी यांचा परस्परसंबंध सांगू शकाल;
- विध्यर्थी क्रियापदांचा लेखनात उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारने चाळी बांधल्या. बीडीडी चाळी या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी संसार केले. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या होत आणि तीच खोली स्वयंपाकघर बने; दुपारी ती बैठकीची खोली आणि रात्री शयनगृह. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून माणसांनी तिचा उपयोग वेळेनुसार बदलला.

अशाच एका खोलीची कल्पना करू. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. खोलीत लोखंडी कपाट, दिवाण, फ्रीज, दूरदर्शन संच आणि शिलाई यंत्र आहे. कपाटाने अर्धी खिडकी झाकली आहे, म्हणून दिवसाही दिवा लावावा लागतो. मुले जमिनीवर ओणवी होऊन लिहितात. रात्री मोरीकडे जाताना आजीचा पाय शिलाई यंत्राला अडखळतो. सून यंदा दहावीच्या परीक्षेला बसणार आहे. तिची पुस्तके डाळीच्या डब्यामागे ठेवलेली असतात. या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे. ज्या बाईच्या हातून ते घर चालते, तिला मात्र बसून वाचायला जागा नाही.

या कुटुंबाने काय करावे? प्रथम बाजारात जाऊ नये. एक संपूर्ण दिवस घराकडे पाहावे. ऊन कोठून येते, कोण कोठे बसते, कोठे ठेच लागते आणि वर्षभरात कोणत्या वस्तूला हात लागला नाही, हे लिहून काढावे. आधी पाहावे, मग हलवावे.

अशा पाहणीत पहिली गोष्ट लक्षात येते ती उजेडाची. कपाट आतल्या भिंतीशी सरकवले की खिडकी मोकळी होते. खिडकी आणि दार समोरासमोर असतील तर दोन्ही उघडी ठेवल्यावर वारा आरपार वाहतो. गरम हवा वर चढते. म्हणून वरचा झरोका सामानाने बुजवू नये. भिंतींना आणि छताला पांढरा किंवा फिका रंग दिला तर तोच उजेड खोलीभर पसरतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. रात्रीही हाच विचार करावा. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या दिव्याएवढा प्रकाश देतो. परंतु तो पाठीमागे असेल तर ओट्यावर आपलीच सावली पडते. म्हणून दिवा ओट्याच्या वर, समोरच्या भिंतीवर असावा.

ही जाण आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रातील वाड्यांचा चौक, केरळातील जुन्या घरांचे मधले अंगण, राजस्थानातील हवेल्यांचे जाळीदार झरोके हे सारे उजेड आणि वारा घरात आणण्याचेच मार्ग होते. वास्तुकार लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी तिरुवनंतपुरम येथे राहून कमी खर्चाची असंख्य घरे बांधली. भिंत रचतानाच विटांमध्ये ठरावीक फटी सोडून ते विटांची जाळी करीत. त्यामुळे वारा व उजेड आत येई, आडोसा राही आणि तेवढ्या खिडक्यांचा खर्च वाचे.

दुसरी गोष्ट उंचीची. उभ्याने काम करताना ओटा कोपरापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली असावा. तो फार खाली असेल तर कंबर दुखते, फार वर असेल तर खांदे भरून येतात. रोजची भांडी कंबर आणि खांदा यांच्या दरम्यान ठेवावीत. जड डबे खालच्या फळीवर आणि सणासुदीची भांडी माळ्यावर ठेवावीत. आजीच्या दिवाणाची उंची अशी असावी की कडेवर बसल्यावर तिची पावले जमिनीवर सपाट टेकतील. दिवाणापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी ठेवावी, तेथे घसरणारे पायपुसणे टाकू नये आणि मोरीजवळ हाताने धरता येईल अशी पक्की दांडी बसवावी. म्हातारपणी घरात पडणे ही किरकोळ गोष्ट नसते. एका पडण्याने चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळू शकते.

तिसरी गोष्ट प्रत्येकाच्या जागेची. मोकळ्या झालेल्या खिडकीखाली जुनी पत्र्याची ट्रंक ठेवून तिच्यावर चटई अंथरली की बसायला आसन होते. शिलाई यंत्र तेथे आणले तर त्याचे मिटलेले झाकण लिहिण्याचे मेज बनते आणि आजीची वाटही मोकळी होते. वर दोन हात लांबीची एक फळी ठोकली की पुस्तके डाळीच्या डब्यामागून बाहेर येतात. दुपारी तेथे मुले अभ्यास करतील. रात्री जेवणानंतर एक तास ती जागा सुनेची, असे घराने ठरवावे. त्या वेळी दूरदर्शन संच बंद असावा आणि भांडी दुसऱ्या कोणी घासावीत. फळी सुतार ठोकून देईल. तो एक तास मात्र घरातल्या माणसांनीच द्यायचा असतो.

एवढे केल्यावर या घरात नवे असे फारसे काही आलेले नसते: एक फळी, एक दांडी आणि थोडा रंग. तरीही आजी रात्री न अडखळता उठते, मुले ताठ बसून लिहितात आणि त्यांची आई पुस्तक उघडते. घर सुंदर आहे की नाही हे पाहुणा ठरवील. ते राहते आहे की नाही हे आत राहणारी माणसेच सांगू शकतात.

शब्दार्थ

वळकटी – गुंडाळलेले अंथरूण
मोरी – घरातील पाणी वापरण्याची, धुण्याची जागा
माळा – छताखालील सामान ठेवण्याची जागा
झरोका – हवा-उजेडासाठी भिंतीत ठेवलेली लहान खिडकी
ओणवा – पुढे वाकलेला

पाठगत प्रश्न

१. चाळीतील एकाच खोलीचा उपयोग दिवसभरात कसा बदलत असे?
२. विटांच्या जाळीमुळे कोणते तीन फायदे होत?
३. 'या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे', असे म्हणून लेखकाला कोणती उणीव दाखवायची आहे?

भाषाभ्यास

'कपाट हलवावे', 'वाट मोकळी ठेवावी' या वाक्यांतील क्रियापदांवरून कर्तव्य किंवा योग्यता यांचा बोध होतो. अशा क्रियापदांना विध्यर्थी क्रियापदे म्हणतात. पाठातून आणखी पाच विध्यर्थी क्रियापदे शोधून लिहा.

पाठान्त स्वाध्याय

१. 'आधी पाहावे, मग हलवावे' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुमच्या घरात स्वतःची जागा नसलेली व्यक्ती कोण आहे? तिच्याशी बोला आणि तिच्यासाठी कोणता बदल करता येईल ते दहा ओळींत लिहा.