परभाषेची भीति आणि परीक्षेंतील गुण

विद्यार्थिमित्रहो, धडा उत्तम पाठ असतांही वर्गांत उभें राहतांच वाचा बसते, असा अनुभव तुम्हांपैकीं पुष्कळांस इंग्रजीच्या तासाला आला असेल. त्याचें कारण नेहमींच आळस किंवा मंदबुद्धि असतें असें नाहीं. फिलिपीन बेटांतील मुलांच्या उदाहरणावरून हें ध्यानांत येईल.

त्या द्वीपसमूहांत शंभराहून अधिक भाषा नांदतात. सन १९३७ मध्यें टागालोग भाषेच्या पायावर राष्ट्रभाषा उभारण्याचें ठरलें, व १९८७ च्या राज्यघटनेनें 'फिलिपिनो' ही राष्ट्रभाषा म्हणून मान्य केली. मनिलाच्या मुलास ती बहुधा घरचीच वाटते. परंतु सेबू बेटावर घरीं सेबुआनो बोलणाऱ्या मुलास ती शिकावी लागते. दोन्ही भाषा बहिणी आहेत खऱ्या, पण घोटाळा तेथेंच होतो. 'खाल्लें' यास सेबुआनोंत 'मिकाओन' म्हणतात, तर फिलिपिनोंत 'कुमाइन'. 'लांग्गाम' म्हणजे सेबुआनोंत पक्षी, फिलिपिनोंत मुंगी! हिंदींतील 'शिक्षा' आणि मराठींतील 'शिक्षा' यांसारखाच हा प्रकार. मुलानें पक्षी म्हणावयाचें व वर्गानें मुंगी समजून हसावयाचें! असा हशा एकदां झाला कीं तो मुलगा पुन्हां तोंड उघडण्यास धजत नाहीं.

इलेन हॉर्विट्झ व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं ही भीति मोजण्यासाठीं ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक हंसतील ही शंका, अशीं तिचीं तीन अंगें त्यांनीं दाखविलीं. भीति वाढली कीं गुण कमी पडतात, असें पुढील अनेक अभ्यासांत आढळलें. चित्त अर्धें भयाकडे गुंतल्यावर शब्द आठवावे कशानें? शिवाय गुण घटले म्हणजे भीति आणखी वाढते. असें हें चक्र फिरत राहतें.

हें चक्र थांबविणें आपल्या हातीं आहे. शिक्षकांनीं मुलाचें वाक्य पुरें होऊं द्यावें आणि मग चूक सुधारावी. प्रथम दोघादोघांस आपसांत बोलूं द्यावें, नंतर वर्गापुढें. पालकहो, "गुण किती मिळाले?" एवढेंच न विचारतां "आज कोणतें नवें वाक्य बोललास?" असेंही विचारीत जा. आणि मित्रहो, सोबत्याच्या चुकीला हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबा. चुकत चुकतच जीभ वळते. हंसूं लागलों तर ती कायमची अडते.