स्नायूंचे बल आणि स्नायूंची शक्ती

पेडणे तालुक्यात नारळ काढण्यासाठी पाडेली माडावर चढतो, तेव्हा त्याचे स्नायू एकाच वेळी दोन प्रकारची क्षमता दाखवीत असतात. देहाचा भार हातापायांवर पेलणे हे बलाचे काम होय. तो भार किती वेळात किती उंच नेला, हा शक्तीचा प्रश्न. बोलण्यात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण मोजणी करताना त्यांत भेद करावाच लागतो.

मुठीचे बल डायनामोमीटर या हातात धरून आवळावयाच्या साधनाने मोजतात. पूर्ण जोर लावून दोन-तीन वेळा आवळावे व सर्वांत मोठा आकडा नोंदवावा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने 2019 साली पुरुषांसाठी 28 किलोग्रॅम व स्त्रियांसाठी 18 किलोग्रॅम या मर्यादा सुचविल्या. वयस्क व्यक्तीचा आकडा त्याखाली आला, तर स्नायुबल कमी समजावे.

शक्ती मोजण्यास शाळेचा जिनाही पुरतो. 15 सेंटिमीटर उंचीच्या 20 पायऱ्या म्हणजे 3 मीटर चढण. 60 किलोग्रॅम वजनाची व्यक्ती ती 4 सेकंदांत चढली, तर 60, 9.8 व 3 यांच्या गुणाकारास 4 ने भागावे. शक्ती 441 वॅट येते. तीच व्यक्ती 6 सेकंद घेईल, तर 294 वॅट. कार्य दोन्ही वेळा 1,764 ज्यूलच झाले. फरक पडला तो वेळेमुळे. इटलीतील मार्गारिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेली जिन्याची चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. हृदयविकार असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती करू नये.

श्रम करणारे व न करणारे अशी तुलना करताना केवळ व्यवसायाच्या नावावर विसंबणे धोक्याचे असते. डिचोलीचा खाणकामगार म्हटला की घण उचलणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु खाणीत यंत्रे आल्यानंतर ट्रक किंवा खोदयंत्र चालविणाऱ्याचा बराचसा दिवस बसूनच जाऊ लागला. उलट, भाताची लावणी करणारी स्त्री दिवसभर वाकून राबते, पण त्या कामातील जोर हलका व पुनःपुन्हा लावावयाचा असतो. त्याने दमदारपणा वाढतो. बल व शक्ती त्याच प्रमाणात वाढतीलच असे नाही. म्हणून नोंदवहीत व्यवसायापुढे आठवड्यातील चालणे, चढणे, ओझे उचलणे व बसणे यांचे तास लिहावेत, आणि समान वयाच्या व लिंगाच्या व्यक्तींचीच तुलना करावी. वजनही नोंदवावे, कारण जिन्याच्या चाचणीत जड व्यक्तीचे वॅट अधिक दिसतात.

वय वाढते तशी शक्ती बलापेक्षा अधिक वेगाने घटते, कारण जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचा ऱ्हास अधिक होतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर पाय सरकला, तर तोल सावरण्यास निमिषमात्र मिळते. अशा वेळी पायांत जोर असून भागत नाही. तो तत्काळ लावता यावा लागतो.

वृद्धांसाठी जिन्याऐवजी खुर्ची वापरावी. हात छातीवर घडी करून, बिनहातांच्या खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी आणि शेजारी कोणी तरी उभे असावे. 12 सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास 2019 च्या त्याच निकषांनुसार शारीरिक कार्यक्षमता कमी मानतात. अशा व्यक्तीस आरोग्य केंद्रात दाखवावे.

हा ऱ्हास बऱ्याच अंशी भरून येऊ शकतो. अमेरिकेत 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातील सुमारे 90 वर्षांच्या दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे पायांचे बल सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. व्यायामानंतरची मोजणी मात्र त्याच खुर्चीवर व दिवसाच्या त्याच सुमारास घ्यावी. खुर्ची चार बोटे उंच असली, तरी उठणे सोपे होते आणि आकडा फसवतो.