बिडाचे पात्र : संस्कार व निगा

पांडुरोग्यास लोहपात्रात अन्न शिजविण्याचा सल्ला आपण देतो. पात्राची निगा सांगणे मात्र राहून जाते. बिडाची नवी कढई धुऊन, आचेवर कोरडी करून, तेलाचा अतिपातळ हात द्यावा व धूर येईपर्यंत तापवावी. तीन-चार वेळा असे केल्यास काळा, टणक थर बसून गंज टळतो. आम्ल पदार्थांनी हा थर झिजतो व लोह अन्नात अधिक उतरते. म्हणून आमटी, कढी त्यात साठवू नये. चरकसंहितेतील रसायनाध्यायात नव्या लोहपात्रास त्रिफळाकल्काचा लेप सांगितला आहे. त्यासाठी निराळे पात्र राखावे. थॅलेसेमियात वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचते. अशा रुग्णास लोहपात्राचा सल्ला देऊ नये. पांडुतेचे कारण आधी निश्चित करावे.