संगणकाची कार्यप्रणाली नव्याने टाकण्यापूर्वी : माहितीरक्षणाचे पूर्वकर्म

रुग्णपत्रके, औषधालयाची बिले व साठ्याच्या नोंदी, औषधनिर्मितीचे बॅच रेकॉर्ड, व्याख्यानांसाठी काढलेली टिपणे हे सर्व आज अनेक वैद्यांच्या घरच्या किंवा दवाखान्यातील एकाच संगणकात साठविलेले असते. संगणक मंदावला, त्यात व्हायरस शिरला किंवा कार्यप्रणाली कालबाह्य झाली, की तंत्रज्ञ बहुधा एकच उपाय सुचवितो : ‘फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकू.’ विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल किंवा लवकरच येईल. त्या वेळी काय करावे, याचे क्रमवार विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. येथे प्रधानकर्म तंत्रज्ञ करतो व ते तास-दोन तासांत आटोपते. पूर्वकर्म मात्र ज्याची माहिती त्यानेच करावयाचे असते; कारण कोणती फाइल मोलाची आहे, हे तंत्रज्ञाला ठाऊक नसते.

फॉरमॅटमध्ये नेमके काय नष्ट होते?

विंडोज सामान्यतः ‘सी’ ड्राइव्हवर असते. तो ड्राइव्ह फॉरमॅट केला, की त्यावरील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही फोल्डरे आणि सर्व सॉफ्टवेअर निघून जाते. ‘माझे सर्व काही डी ड्राइव्हवर आहे, म्हणून चिंता नाही,’ असा समज सर्वत्र आढळतो. सी व डी हे बहुधा एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. नवीन विंडोज टाकताना चुकून सर्व भाग पुसले गेले किंवा डिस्कच बिघडली, तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून डी ड्राइव्हवरील प्रत ही सोय आहे, बॅकअप नव्हे. संगणकाबाहेर, वेगळ्या साधनावर असलेली प्रत हाच खरा बॅकअप होय.

कशाची प्रत घ्यावी?

प्रथम कागदावर यादी करावी. पुढील बाबी हमखास विसरल्या जातात :

१) बिलिंग व हिशेबाची माहिती : टॅली किंवा औषधालयाचे बिलिंग सॉफ्टवेअर आपली माहिती डॉक्युमेंट्समध्ये ठेवीलच असे नाही. तिचा मार्ग त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पाहावा. सॉफ्टवेअरमधील ‘बॅकअप’ची आज्ञा वापरून एक प्रत घ्यावी, नंतर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून त्याच्या डेटा फोल्डरचीही प्रत घ्यावी. ते चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट राहू शकते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यावसायिकास हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जतन कराव्या लागतात. तेव्हा केवळ चालू वर्षाचा बॅकअप पुरेसा नाही.

२) लायसन्स : काही सॉफ्टवेअरचे लायसन्स त्या संगणकाशी बांधलेले असते. टॅलीमध्ये ते फॉरमॅटपूर्वी ‘सरेंडर’ करण्याची सोय आहे. इतर सॉफ्टवेअरबाबत विक्रेत्याला आधीच विचारावे आणि लायसन्स क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत.

३) मराठी फॉन्ट : हा मुद्दा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेखन होत असे. त्या फाइलींत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट गेला, की वीस वर्षांपूर्वीचे रुग्णवृत्त निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग होऊन समोर येते. माहिती शाबूत असते, पण वाचता येत नाही. म्हणून विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधील हे फॉन्ट वेगळे जतन करावेत, मूळ सीडी व हार्डवेअर लॉक असल्यास तेही शोधून ठेवावे. अत्यंत महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ प्रत याच वेळी काढावी; फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला असेल, तर ती दुसऱ्या संगणकावरही जशीच्या तशी दिसते.

४) ई-मेल व ब्राउझर : आउटलुक वापरणाऱ्यांनी त्यातील पीएसटी फाइल शोधावी. ब्राउझरमधील बुकमार्क व साठविलेले पासवर्ड आपल्या खात्याशी जोडलेले आहेत का, ते पाहावे. पासवर्डची यादी फाइलरूपात काढल्यास ती कोणालाही वाचता येते, हे ध्यानात ठेवून काम होताच ती पुसून टाकावी.

५) बिटलॉकर : अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की नसेल, तर डी ड्राइव्ह न पुसताही उघडता येणार नाही. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून घ्यावी.

६) वनड्राइव्ह : पडद्यावर दिसणाऱ्या काही फाइली संगणकात नसून केवळ इंटरनेटवरील साठ्यात असतात. खात्याचे नाव व पासवर्ड ठाऊक असल्याची खात्री करावी; महत्त्वाच्या फाइली संगणकावर उतरवून मगच त्यांची प्रत घ्यावी.

७) ड्रायव्हर : प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, लॅन किंवा वायफाय यांचे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावेत. नव्या विंडोजमध्ये इंटरनेटच चालू झाले नाही, तर पुढचे सर्व काम अडते.

प्रत कोठे व किती?

एक्स्टर्नल हार्ड डिस्क हे यासाठी सोयीचे साधन आहे. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास ठीक. पण एकमेव प्रत त्यावर ठेवू नये. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीइतकी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. त्यासाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धत निवडावी. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, असा सुटसुटीत नियम या क्षेत्रात रूढ आहे. दवाखान्यातील संगणकातील मूळ फाइली, घरच्या कपाटातील हार्ड डिस्क व इंटरनेटवरील साठा यांनी तो सहज पाळता येतो. फॉरमॅट होताच मूळ प्रत नाहीशी होते, म्हणून त्याआधी बाहेर किमान दोन प्रती असाव्यात.

प्रतीची परीक्षा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. प्रत घेतली म्हणजे बॅकअप झाला, असे नव्हे. ती दुसऱ्या संगणकावर उघडून वाचता आली, म्हणजेच झाला. काम पूर्ण झाल्याचा संगणकाचा संदेश हा आप्तोपदेश मानू नये. त्यावरून फार तर अनुमान करता येते. येथे प्रमाण एकच, ते म्हणजे प्रत्यक्ष.

परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. मूळ फोल्डर व प्रत यांची ‘प्रॉपर्टीज’मधील फाइलसंख्या व आकार ताडून पाहावा. हार्ड डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी व दुसऱ्या संगणकास जोडावी. तेथे सर्वांत जुनी, सर्वांत नवी व सर्वांत मोठी फाइल उघडावी. जुन्या मराठी फॉन्टमधील एक रुग्णपत्रक उघडून वाचावे. बिलिंगचा बॅकअप शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर ‘रिस्टोअर’ करून गेल्या आठवड्यातील एखादे बिल व एखाद्या औषधाचा शिल्लक साठा जुळतो का, ते पाहावे. एवढ्यास एखादी दुपार लागेल. ती दुपार वाचविण्यासाठी पंधरा-वीस वर्षांची रुग्णवृत्ते पणास लावणे शहाणपणाचे नाही.

प्रधानकर्माच्या वेळी

फॉरमॅट सुरू करण्यापूर्वी बॅकअपची हार्ड डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली, तर चुकीची डिस्क निवडली जाऊन बॅकअपच पुसला जाण्याचा धोका असतो. संगणक दुरुस्तीस दुकानात द्यावयाचा असल्यास बॅकअपची डिस्क सोबत पाठवू नये. रुग्णाने वैद्याला विश्वासाने सांगितलेले वृत्त तिऱ्हाइताच्या टेबलावर पडून राहणे आपल्या व्यवसायधर्मास शोभत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला आहे. शक्य तर हे काम आपल्या समोर करून घ्यावे.

पश्चात्कर्म

शोधनानंतर संसर्जनक्रम पाळतो, त्याप्रमाणे येथेही सर्व काही एकदम परत टाकू नये. प्रथम विंडोजची अद्ययावत सुधारणा व ड्रायव्हर, मग व्हायरसप्रतिबंधक सॉफ्टवेअर, मग बिलिंग व फॉन्ट आणि शेवटी आपल्या फाइली, असा क्रम ठेवावा. जुना संगणक व्हायरसग्रस्त असल्यास बॅकअपची डिस्क आधी तपासून घ्यावी आणि त्यातील जुनी सॉफ्टवेअर परत न टाकता मूळ स्थानाहून नव्याने घ्यावीत. एखादी विसरलेली फाइल अनेकदा महिन्याभराने किंवा विवरणपत्र भरतेवेळी आठवते. म्हणून बॅकअपची डिस्क निदान एक विवरणपत्र भरून होईपर्यंत जशीच्या तशी जपावी.

पुढील काळासाठी आठवड्यातून एक वार ठरवून बिलिंग व रुग्णपत्रकांची प्रत घेण्याचा नेम ठेवावा आणि प्रत होताच डिस्क काढून ठेवावी. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’सारखे खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतात.

सॉफ्टवेअर पुन्हा विकत मिळते, संगणकही नवा घेता येतो. एखाद्या रुग्णाच्या दहा वर्षांच्या नाडीच्या, अग्निबलाच्या व उपशयाच्या नोंदी मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. तेव्हा तंत्रज्ञाने ‘सुरू करू का?’ असे विचारल्यावर वैद्यबंधू-भगिनींनी आधी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : माझी प्रत मी दुसऱ्या संगणकावर स्वतः उघडून पाहिली आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तरच अनुमती द्यावी.