जॅक रसेल घरी आणताय? हिंगोलीच्या घराने आधी मांडायचा हिशोब

पिल्लाचा फोटो मोबाइलवर येतो. पांढरे अंग, डोळ्यावर तपकिरी डाग, वाकलेले कान. मुले हट्ट धरतात, वडील भाव विचारतात आणि घरातली सगळी चर्चा त्या एका आकड्याभोवती फिरू लागते. खरा हिशोब त्यापुढे आहे. जॅक रसेल टेरियर हा पाच-सहा किलोचा कुत्रा. पण त्याला सांभाळायचा एकूण खर्च पिल्लाच्या किमतीच्या दहा-बारा पट होतो. तो खर्च कुठे, किती आणि का होतो, हे हिंगोली जिल्ह्यातले ऊन, शेत आणि दवाखान्याचे अंतर धरून येथे मांडले आहे. रुपयांचे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत. गाव, दुकान आणि डॉक्टर बदलला की थोडेफार मागेपुढे होतील.

हा कुत्रा मुळात कशासाठी?

‘टेरियर’ या शब्दाच्या मुळाशी ‘टेरा’ म्हणजे जमीन हा लॅटिन शब्द आहे. बिळात शिरून शिकार बाहेर काढणारी ही कुत्री. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल यांनी १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना ‘ट्रम्प’ नावाची एक पांढरी कुत्री विकत घेतली. कोल्ह्याला बिळातून हुसकावणाऱ्या तिच्या वंशाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. केस आखूड असतात, कधी थोडे राठ. लांब केसांच्या यॉर्कशायर टेरियरपेक्षा आपली हवा त्याला जास्त सोसते आणि केस कापून घ्यायचा खर्चही वाचतो. आयुष्य मोठे असते. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या जातींत जॅक रसेलचे सरासरी आयुर्मान सर्वाधिक, १२.७२ वर्षे निघाले. म्हणून आपला हिशोब १३ वर्षांचा धरू. आज पाचवीत असलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेल, तेव्हाही हा कुत्रा घरात असेल.

दिसायला तो मांडीवरचा वाटतो, पण त्याला रोज किमान तासभर पळायला लागते. ते मिळाले नाही, तर तो कुंडी उकरतो, गादी फाडतो आणि दिवसभर भुंकतो. फ्लॅटमध्ये दिवसभर एकटा ठेवायचा असेल, तर ही जात घेऊ नका.

पिल्लू घेताना

हिंगोलीत जॅक रसेलचे पिल्लू सहज मिळत नाही. ते बहुधा पुणे, मुंबई किंवा हैदराबादकडून येते. चांगल्या पिल्लासाठी ५०,००० रुपये धरा. त्याहून फारच स्वस्त मिळत असेल, तर जातीची किंवा आरोग्याची शंका घ्या.

श्वानप्रजनन आणि विक्रीबाबत केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. त्यानुसार प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. पैसे देण्याआधी चार गोष्टी करा : नोंदणी क्रमांक मागा, लसीचे कार्ड पाहा, आई प्रत्यक्ष पाहा आणि पिल्लाला मायक्रोचिप आहे का ते विचारा. या जातीत डोळ्यातले भिंग सरकण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याची डीएनए चाचणी होते. पिल्लाच्या आई-वडिलांची ती झाली आहे का, हेही विचारा. एक दिवस जाऊन पिल्लू स्वतः पाहून आणण्याचा खर्च पुढच्या दवाखान्याच्या खर्चापुढे काहीच नाही. आगाऊ पैसे पाठवून खोक्यातून पिल्लू मागवू नका.

पहिल्या वर्षी एकदाच होणारा खर्च

- पिल्लाच्या लसी आणि जंतनाशक : ४,००० रुपये
- पट्टा, दोरी, भांडी : १,५०० रुपये
- क्रेट आणि अंथरूण : ३,५०० रुपये
- नसबंदी : ७,००० रुपये
- अंगणाची किंवा वाड्याची जाळी : ५,००० रुपये

बेरीज २१,००० रुपये. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पार्व्हो या विषाणूने होणारे उलटी-जुलाब पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवतात, म्हणून डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर फिरवू नका. जाळीचा खर्च अनेकांना अनावश्यक वाटतो, पण हा कुत्रा उडी मारून जितका पळतो, तितकाच खालून उकरून पळतो. जाळीची खालची कड निदान फूटभर जमिनीत गाडा.

दरवर्षीचा खर्च

- खाणे : १४,००० रुपये
- वार्षिक लसी : १,२०० रुपये
- जंतनाशक, दर तीन महिन्यांनी : ४०० रुपये
- गोचीड-पिसवांचे औषध : ८,००० रुपये
- दोन तपासण्या, प्रवासासह : ३,००० रुपये
- शाम्पू, नखे, दातांची निगा : १,२०० रुपये
- पट्टे, खेळणी : १,५०० रुपये
- उन्हाळ्यात कूलरची वीज : १,७०० रुपये

बेरीज ३१,००० रुपये. यावर अडीनडीसाठी १०,००० रुपये बाजूला ठेवा. म्हणजे वर्षाला ४१,०००, महिन्याला सुमारे ३,४०० रुपये.

खाण्याचा आकडा असा आला : सहा किलोच्या, भरपूर पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२० ते १३० ग्रॅम तयार कोरडे खाद्य लागते, म्हणजे महिन्याला पावणेचार-चार किलो. मध्यम दर्जाचे खाद्य ३०० रुपये किलो धरले, तर महिना अकराशे-बाराशे. नामांकित महागडे खाद्य घेतले, तर हाच आकडा दुपटीच्या पुढे जातो. घरचे खाणे द्यायचे, तर शंभर ग्रॅम चिकन, एखादे अंडे, भात आणि शिजवलेला भोपळा किंवा गाजर असा दिवसाचा खर्च चाळीस रुपयांच्या घरात येतो. म्हणजे घरचे काय आणि मध्यम खाद्य काय, खर्च सारखाच. मात्र घरच्या खाण्यात कॅल्शियमची भर डॉक्टरांना विचारून घाला. नुसत्या दूध-भाकरीवर हा कुत्रा जगेल, पण अंग धरणार नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे त्याला विषासमान आहेत. फोडणीची भाजी त्याच्या ताटात वाढू नका.

शेतावर नेणार असाल तर

सोयाबीन, हळद, कापूस, ऊस यांचा हा जिल्हा. धान्य आणि काड आले, की उंदीर आले; उंदीर आले, की टेरियरचे रक्त उसळते. गोदामातले उंदीर तो खरोखर मारतो, पण त्या कामाची किंमत आपल्याला मोजावी लागते.

उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो; तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. म्हणून वार्षिक लसीत लेप्टोचा समावेश आहे, याची खात्री करून घ्या.

त्याहून मोठा धोका उंदराच्या औषधाचा. शेतात झिंक फॉस्फाइडची आमिषे ठेवतात, घरात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. झिंक फॉस्फाइड काही तासांत जीव घेते. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठायचे थांबते आणि लक्षणे तीन-चार दिवसांनी दिसतात, तोवर मालक निर्धास्त असतो. विषारी उंदीर खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी औषधाचे पाकीट सोबत घेऊन डॉक्टर गाठा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो. ज्या घरात हा कुत्रा आहे, त्या घरात आणि शेतात उंदरासाठी विष ठेवायचे नाही, पिंजरा लावायचा. हा नियम सालगड्यालाही समजावून सांगा.

तिसरा धोका सापाचा. बिळात तोंड घालणाऱ्या कुत्र्याला नाग किंवा घोणस तोंडावर आणि पुढच्या पायावर चावते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचे प्रतिविष कुत्र्यालाही चालते; मात्र एका कुपीला काही शे रुपये लागतात आणि अनेकदा एका कुपीने भागत नाही. अडीनडीचे दहा हजार वेगळे काढायला सांगितले, ते यासाठी. जवळच्या कोणत्या डॉक्टरांकडे प्रतिविष मिळते, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

दिवाळीनंतर गवत वाळले, की कुसळे कानात, बोटांच्या बेचक्यात, कधी डोळ्यात शिरतात. एकाएकी मान तिरकी करून कान झाडू लागला, तर त्याच दिवशी दाखवा. आत गेलेले कुसळ काढायला भूल द्यावी लागते. शेतातून परतल्यावर पाच मिनिटे पंजे आणि कान तपासलेत, तर हा खर्च टळतो.

गोचिडात काटकसर नको

यादीत गोचिडाच्या औषधाला आठ हजार पाहून अनेकांचा हात तिथेच आखडतो. आपल्या हवेत गोचीड जवळजवळ वर्षभर असतो, आणि शेजारी गोठा असेल, तर विचारूच नका. त्याच्यातून एर्लिकिया आणि बबेसियाचा ताप येतो. कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते किंवा लघवी गडद होते. रक्ततपासणी, सलाइन आणि महिनाभराच्या औषधांत वर्षभराच्या गोळ्यांचे पैसे एकाच वेळी निघून जातात, आणि एवढे करूनही कुत्रा वाचेलच असे नाही. गोठ्यातले जनावरांचे गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात कालवून सहा किलोच्या कुत्र्यावर ओतू नका. त्याने विषबाधा होते. तोंडावाटे द्यायची गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब डॉक्टरांनी वजन पाहून ठरवावेत. माणसांची पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनही देऊ नका.

दवाखाना किती लांब?

लस, जंतनाशक, किरकोळ जखम यांसाठी तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना उपयोगी पडतो. तिथला खर्च नाममात्र असतो. पण तिथले मुख्य काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचे. एक्स-रे, सोनोग्राफी, अवघड शस्त्रक्रिया यासाठी आपल्याला परभणी गाठावी लागते. १९७२ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे आणि त्याच्या रुग्णालयात कुत्रीही तपासली जातात. हिंगोलीहून ते साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. वसमतकरांना परभणी आणि नांदेड दोन्ही जवळ. सेनगावच्या पुढच्या गावांनी मात्र रात्री-अपरात्री गाडी मिळेल का, हा प्रश्न आधी सोडवावा. डोळा अचानक लाल होऊन धुरकट दिसू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. भिंग सरकले असेल, तर उशिराने दृष्टी जाते.

ऊन, फटाके आणि चावा

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. फिरणे सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावर. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही, तर तिथे त्याचे पंजेही भाजतात. धाप थांबत नसेल, तर साधे पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही ठेवू नका.

हिंगोलीचा दसरा आणि पाठोपाठची दिवाळी या फटाक्यांच्या रात्री घाबरून कुत्री पळतात. पट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पट्टी पन्नास-शंभर रुपयांत होते. या सगळ्या यादीत एवढ्या कमी पैशांत एवढे मोठे संरक्षण देणारी दुसरी वस्तू नाही.

घरचा, लस दिलेला कुत्रा चावला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्या. तिथे रेबीजची लस मोफत मिळते.

निर्णय कसा घ्यावा?

१३ वर्षांचे, वर्षाला ४१,००० प्रमाणे, ५ लाख ३३ हजार होतात. त्यात पहिल्या वर्षाचे २१,००० आणि पिल्लाचे ५०,००० मिळवले, की आकडा ६ लाखांच्या पुढे जातो. पिल्लाची किंमत त्याचा बारावा हिस्सा आहे. कपात करायचीच, तर महागड्या खाद्यात, खेळण्यांत आणि कपड्यांत करा. लस, गोचीड आणि जाळीत करू नका.

घरात महिन्याला ३,४०० रुपये आणि दिवसातला एक तास, दोन्ही १३ वर्षे निघत असतील, तर जॅक रसेलसारखा चपळ, निष्ठावान आणि आनंदी सोबती दुसरा नाही. यातले एक जरी निघत नसेल, तर पिल्लू आणू नका. आणि नुसता राखणीला, मुलांना सोबतीला कुत्रा हवा असेल, तर आपल्याच गल्लीतले गावठी पिल्लू पाहा. लस, गोचिडाचे औषध आणि नसबंदी त्यालाही लागते, खायलाही थोडे जास्तच लागते. पण ते या उन्हात जन्मलेले आहे आणि त्याच्या किमतीचे ५०,००० रुपये तुमच्याकडेच राहतात. ते बँकेत त्याच्या नावाने बाजूला ठेवा. पहिल्या वर्षाची त्याची बरीचशी सोय झाली असे समजा.