संगणकाचा एसएमपीएस : लेबलावरचा आकडा तपासा

कमी खर्चात संगणक जुळवायचा असला म्हणजे आपण प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क केवढी याची बारकाईने चौकशी करतो. पण कॅबिनेटमध्ये पत्र्याची एक पेटी असते, तिच्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. स्वस्त संगणकात ती बहुधा कॅबिनेटबरोबरच मिळते आणि तिच्यावर ‘४५० वॅट’ असा ठळक आकडा छापलेला असतो. बाजारात हिला एसएमपीएस म्हणतात. संगणकाच्या प्रत्येक भागाला वीज मिळते ती हिच्यातूनच. तेव्हा तो ठळक आकडा खरा की खोटा, हे आपल्याला तपासता आले पाहिजे. त्यासाठी शाळेत शिकलेले गणित पुरेसे आहे.

पेटीत काय घडते?

घरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व प्रत्यावर्ती असते. संगणकाला मात्र ३.३, ५ आणि १२ व्होल्ट दाबाची, एकाच दिशेने वाहणारी म्हणजे दिष्ट धारा लागते. एसएमपीएस प्रथम घरच्या विजेची दिष्ट धारा बनवतो व ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो. प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य २३० च्या १.४१ पट असते, म्हणून या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो. पुढे ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. वारंवारता एवढी वाढली की दाब उतरवायला लहानसे रोहित्रही पुरते. शेवटी पुन्हा दिष्ट धारा करून तिच्यातील चढउतार कपॅसिटरच्या साह्याने कमी केले जातात.

शेतात दारे धरणारा माणूस वाफ्याचे तोंड कमीजास्त वेळ उघडे ठेवून हवे तेवढेच पाणी देतो. ट्रान्झिस्टरही तसेच कमीजास्त वेळ चालू राहून बाहेर पडणारा दाब कायम राखतात.

लेबलाचे गणित

शक्ती = दाब × धारा, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. समजा, ‘४५० वॅट’च्या पेटीवर बारीक अक्षरांत पुढील आकडे आहेत :

१२ व्होल्ट, १६ अँपिअर : १९२ वॅट
५ व्होल्ट, २० अँपिअर : १०० वॅट
३.३ व्होल्ट, १४ अँपिअर : ४६.२ वॅट
उरलेले लहान पुरवठे मिळून : सुमारे १४ वॅट

बेरीज केली तर सुमारे ३५२ वॅट होतात. म्हणजे जवळजवळ १०० वॅट फक्त छपाईत आहेत! शिवाय ५ व ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यांचे काही भाग सहसा सामाईक असतात, त्यामुळे दोन्हींची कमाल धारा एकाच वेळी मिळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक शक्ती १२ व्होल्टच्या तारांतून घेतात. म्हणून आपल्या कामाचा खरा आकडा १९२. साध्या लेखनवाचनाच्या संगणकाला तो पुरेल. पण त्याच संगणकात पुढे १५० वॅटचे ग्राफिक्स कार्ड बसवले, तर ६५ वॅटच्या प्रोसेसरसह मागणी २१५ वॅट होते. पेटी अपुरी पडली, आणि ठळक आकडा मात्र ४५०!

काटकसर कोठे होते?

इंटेल कंपनीने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टचा दाब ११.४ ते १२.६ च्या आतच राहिला पाहिजे. त्यावरील बारीक तरंगही ०.१२ व्होल्टपेक्षा अधिक नसावेत. हे साधायला चांगले कपॅसिटर, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुरेशा मोठ्या धातूच्या पट्ट्या, जाड तारा आणि संरक्षक मंडले लागतात. अगदी स्वस्त पेटीत नेमकी यांवरच काटछाट केलेली आढळते.

तिचे परिणाम लगेच दिसत नाहीत. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात खोलीतली हवाच ४० अंशांच्या घरात जाते. पेटीच्या आत त्याहून अधिक. कपॅसिटर फुगले की तरंग वाढतात, संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, चालू काम पुसले जाते. दाब अचानक वाढला आणि तो तोडणारे मंडलच नसले, तर मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही जळू शकतात. नवा मदरबोर्ड मिळेल, डिस्कवरचे वर्षभराचे काम मिळेलच असे नाही.

विजेचे बिलही पाहा. संगणकाला १०० वॅट हवे आहेत. ६५ टक्के कार्यक्षमतेची पेटी त्यासाठी १५४ वॅट ओढील. त्यातील ५४ वॅटची उष्णता होईल. ८५ टक्के कार्यक्षमतेची पेटी ११८ वॅट घेईल व उष्णता अवघी १८ वॅट. रोज ६ तास, वर्षातून ३०० दिवस वापर धरला, तर फरक सुमारे ६५ युनिटांचा होतो.

मग काय करावे?

मोठा आकडा शोधू नका. १२ व्होल्टपुढील अँपिअर वाचा, गुणाकार करा, आपल्या गरजेहून निदान तिसरा हिस्सा अधिक आहे ना ते पाहा. ‘८० प्लस’ ही खूण २० ते १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता दाखवते. मात्र ती छापणे सोपे असल्याने योजनेच्या प्रसिद्ध यादीत नाव तपासावे. भिंतीतील सॉकेटला अर्थिंग असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. लेबल मात्र प्लग काढून, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली वाचता येईल.

स्वाध्याय

१. १२ व्होल्टवर ३० अँपिअर देणारी पेटी त्या तारांतून किती वॅट देईल?
२. ७५ टक्के कार्यक्षमतेची पेटी संगणकाला ६० वॅट देत आहे. ती किती वॅट ओढते? उष्णता किती?
३. ५ व्होल्टच्या पुरवठ्याला ५ टक्के कमीअधिक चालते. त्याच्या मर्यादा काढा.

उत्तरे : १. ३६० वॅट. २. ८० वॅट, २० वॅट. ३. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट.